काढून टाकलेला परिच्छेद

सोमवार, ३ मार्च

चिरंजीवांना आज माझी आठवण झाली. एरवी मी घरात आहे हे त्यांना जेवायच्या वेळीच कळतं. दुपारी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आई, एक ईमेल लिहिलाय. जरा बघतेस?"

मी सगळी नोकरी मोठ्या साहेबांची सेक्रेटरी म्हणून केली. साहेब नुसतं "त्याला नाही म्हणून कळवा" म्हणायचे, आणि मी त्या 'नाही'चं असं पत्र करायचे की समोरचा उलट आभार मानायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्या या विद्येला गिऱ्हाईकच उरलेलं नाही. लगेच हात पुसले, चष्मा लावला आणि बसले.

शहराच्या दुसऱ्या टोकाला नकली हातपाय बनवणारी एक कार्यशाळा आहे. याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की तिथे सहा महिने इंटर्नशिप करायची म्हणतोय. ते वर्षाला एकालाच घेतात. म्हणजे अर्ज कसा हवा? कडक इस्त्रीचा.

याचा मसुदा बघितला आणि कपाळाला हात लावला. विषयाच्या ओळीत "तुमच्याकडे शिकण्याबद्दल". सुरुवात "नमस्कार". आणि दुसऱ्या परिच्छेदात हे:

"माझ्या वडिलांना गुडघ्याखाली नकली पाय होता. तो त्यांना कधीच नीट बसला नाही. कुठे टोचतं ते शोधून मी तो आतून पॉलिशपेपरने घासून द्यायचो. पाय बसला की ते बाजारापर्यंत चालत जायचे. नाही बसला की दिवसभर खिडकीत बसून राहायचे. या दोन दिवसांमधला फरक कसा करायचा, ते मला शिकायचं आहे."

मी म्हटलं, "अरे, हे ईमेल आहे की मावशीला लिहिलेलं पत्र?"

"का? काय चुकलं?"

"घरातल्या गोष्टी ऑफिसात नेत नाहीत. आणि 'दोन दिवसांमधला फरक' म्हणजे काय? कोणते दोन दिवस? वाचणाऱ्याला काय बोध होणार?"

मी नवा मजकूर टाइप करायला घेतला. माझी बोटं अजून चालतात, हे बघून बरं वाटलं. "आपल्या नामांकित संस्थेच्या कार्याने मी अत्यंत प्रभावित झालो असून, माझ्या तांत्रिक ज्ञानाचा विनियोग आपल्या बहुमोल मार्गदर्शनाखाली करण्याची संधी मिळाल्यास मी आपला ऋणी राहीन." एका दमात लिहिलं. मोठ्या साहेबांनी डोळे मिटून सही केली असती.

चिरंजीवांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "छान आहे. पण आई, यात मी कुठे आहे?"

"खाली. सहीच्या जागी."

हसला. वडिलांसारखाच हसतो, आवाज न करता.

स्क्रीनचा उजेड फार होता. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. चष्म्याचा नंबर वाढलेला दिसतोय.

मंगळवार, ४ मार्च

पाठवला. पाठवायच्या आधी त्यानं एकदा विचारलंच, "तो बाबांचा परिच्छेद शेवटी तरी ठेवू का? दोन ओळी?"

मी म्हटलं, "दया मागून जागा मिळवायची आहे का तुला? स्वतःच्या गुणांवर मिळव."

"दया नाही गं. ते कामच—" म्हणाला, आणि माझ्याकडे बघून थांबला. मग बटण दाबलं.

मला समाधान वाटलं. मुलं शेवटी ऐकतात.

सोमवार, १७ मार्च

उत्तर नाही. तो जेवताना फोन उलटा ठेवतो आणि दर दोन घासांनी सुलटा करतो.

त्याला हे नकली पायांचं वेड कुठून लागलं, याचा आज विचार करत होते. ह्यांचा पाय साखरेच्या आजारानं काढावा लागला, तेव्हा हा शाळेत होता. ह्यांना घरी आणलं नेमकं तेव्हाच मोठ्या साहेबांकडे कामाचा डोंगर होता. मला रोज उशिरापर्यंत थांबावं लागे. साहेब "तुम्ही जा" म्हणायचे, पण असं अर्धवट काम टाकून मला जमत नाही. पट्ट्या बदलणं, मलम लावणं हे सगळं यानंच अंगावर घेतलं. मुलांना अशा गोष्टींची हौस असते.

नकली पाय आला तेव्हा ह्यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. "आपल्याला मुलगी नाही, पण जावई मिळाला. खुर्चीत बसतो, काही काम करत नाही आणि जरा काही झालं की रुसतो." आल्यागेल्याला ऐकवायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे. एकंदरीत त्या पायाचा ह्यांना फार त्रास झाला नाही. झाला असता तर बोलले असते. बोलका माणूस.

शुक्रवार, २८ मार्च

उत्तर आलं. "आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत. या वर्षीची जागा भरली आहे. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा."

नकार म्हणून मजकूर चांगला आहे. आटोपशीर, कुठे खोच नाही. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "हो ना," आणि आपल्या खोलीत गेला.

कोणाची तरी वशिल्याची माणसं असणार. नाहीतर त्या ईमेलमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती.

शनिवार, ५ एप्रिल

धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या यजमानांनी त्यांच्या ओळखीतल्या एका शीतपेट्यांच्या कंपनीत शब्द टाकला आहे. दुकानांतून आइस्क्रीम ठेवायच्या त्या मोठ्या पेट्या. गाव लांब आहे, पण वर्षभराचं प्रशिक्षण, राहायची सोय आणि वर पगार. मी म्हटलं, देवासारखी धावून आलीस.

चिरंजीव म्हणाले, "ठीक आहे."

"ठीक म्हणजे? आनंद झाला का?"

"झाला गं. पेट्या गार राहायला पाहिजेत ना कोणीतरी."

टोमणा होता की विनोद, कळलं नाही. दोन्हींत हा वडिलांवर गेलाय.

शनिवार, १२ एप्रिल

कपाट आवरलं. ह्यांचे शर्ट बहिणीच्या सांगण्यावरून मागेच दिले होते. खालच्या कप्प्यात जावईबापू चादरीत गुंडाळून ठेवलेले. मी कधी ते सोडून बघितलं नव्हतं, आजही नाही बघितलं. कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून त्या कार्यशाळेतच नेऊन द्यावा असं ठरवलं. जुने पाय ते घेतात, सुटे भाग काढून वापरतात असं चिरंजीवांनीच कधीतरी सांगितलं होतं.

आणि खरं सांगायचं तर, गेले म्हणजे चार शब्द बोलताही येतील. शीतपेट्यांचं काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे. समोरासमोर बोलण्यानं फरक पडतो. साहेबांकडे आलेली किती माणसं मी अशीच आत सोडली आहेत.

मुलाला सांगितलेलं नाही. काम झालं की सांगेन.

मंगळवार, १५ एप्रिल

पाय मोठ्या कापडी पिशवीत घातला होता. बूट तसाच होता त्याला, आणि तो पिशवीतून वर डोकावत होता. बसमध्ये शेजारची बाई आधी बुटाकडे, मग माझ्याकडे बघून सरकून बसली.

कार्यशाळा म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका भिंतीशी प्लास्टरचे पांढरे पाय रांगेनं उभे, प्रत्येकावर पेन्सिलीनं खुणा. मशीनचा आवाज, जळक्या प्लास्टिकचा वास. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये एक म्हातारे गृहस्थ चालायला शिकत होते. चेहऱ्यावर घाम, आणि त्यांची बायको समोर उभी राहून त्यांच्या पायाकडे टक लावून बघत होती. मी दुसरीकडे बघितलं.

प्रमुख बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. बुटक्या, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत प्लास्टर. पाय घेतला, उलटा केला, आणि वरच्या पोकळ भागात, जिथे माणसाचा उरलेला पाय बसतो तिथे, दिवा धरून बघायला लागल्या. बराच वेळ बघत होत्या.

"हे आतून कोणी घासलंय?"

मला वाटलं, रागावणार आता. "घरीच. मुलानं. तेव्हा शाळेत होता. खराब केलं का त्यानं?"

त्यांनी अंगठा आत घातला. "इथे हाडाचं टोक येतं. बरोबर तेवढंच कमी केलंय. आणि इथे, जिथे सगळं वजन पडायला हवं, तिथे हातही लावलेला नाही. कोणाकडे शिकला?"

"कोणाकडे नाही."

"आणि या लाल खुणा बघितल्यात?"

मी वाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या आत बघितलं. खरवडलेल्या जागी पुसट लाल रंग होता.

"लिपस्टिक आहे," त्या म्हणाल्या. "जिथे दुखतं तिथे कातडीवर लावायची, पाय घालायचा, काढायचा. आत जिथे डाग पडतो तिथे घासायचं. आम्हीही असंच करतो. पण आम्हाला कोणीतरी शिकवलं होतं."

माझी लिपस्टिक त्या वर्षांत भराभर संपायची. मला वाटायचं, मीच जास्त लावते.

"काय करतो मुलगा आता?"

मला तेवढंच हवं होतं. सांगितलं, इंजिनिअरिंग संपतंय, तुमच्याकडे इंटर्नशिपसाठी ईमेलही केला होता. त्यांनी हात पुसून कॉम्प्युटर उघडला, नाव विचारलं, शोधलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. "आपल्या नामांकित संस्थेच्या कार्याने मी अत्यंत प्रभावित झालो असून..." माझं वाक्य. त्या शेडमध्ये, त्या दांड्यांमधल्या म्हाताऱ्याच्या धापांच्या मध्ये, ते वाक्य काय वाटलं ते मला लिहिता येत नाही.

"असे ढीगभर येतात," त्या म्हणाल्या. "कोणाचा कोणता ते ओळखू येत नाही. ज्या मुलीला घेतलं, तिनं लिहिलं होतं की तिची एक चप्पल लहानपणापासून जाड तळाची लागते आणि दर वेळी चांभार ती चुकवतो. बस, एवढंच. पण म्हटलं, हिला कळेल." मग पुन्हा पायात बघितलं. "यानं याबद्दल एक ओळ का नाही लिहिली?"

मी म्हटलं, "लाजाळू आहे तो."

"पुढच्या वर्षी लिहायला सांगा. त्याच्या शब्दांत." पाय त्यांनी ठेवून घेतला. "हा मोडणार नाही मी. शिकवायला ठेवते."

बसमध्ये पिशवी रिकामी होती तरी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

बुधवार, १६ एप्रिल

लाजाळू आहे तो. असं म्हणाले मी.

रविवार, २० एप्रिल

आज सांगितलं. चार दिवस तोंड उघडत नव्हतं. तो गॅलरीत सायकलची साखळी घासत बसला होता, काळ्या हातांनी. मी दारात उभी राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. पिशवी, बूट, दिवा, लाल खुणा, चपलेची मुलगी.

त्यानं पहिल्यांदा काय विचारलं असेल? "त्या म्हणाल्या, बरोबर घासलंय?"

"हो. बरोबर तेवढंच, म्हणाल्या."

तो साखळीकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. मग म्हणाला, "डावीकडे मला शंका होती."

"त्यांनी विचारलं, का नाही लिहिलं म्हणून. मी म्हटलं, तू लाजाळू आहेस."

यावर हसला. "मग काय, बरोबरच सांगितलंस."

"हसू नकोस. ते मी काढलं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा नाही म्हटलं."

"जाऊ दे गं."

"तुला ते पटलं नव्हतं, तर पाठवलास कशाला? भांडायचंस माझ्याशी."

त्यानं फडकं खाली ठेवलं. "तू वाचत होतीस ना, तेव्हा मी तुझ्याकडे बघत होतो. तो परिच्छेद आला आणि तू एकदम वर गेलीस, परत विषयाच्या ओळीवर. मग स्वल्पविराम लावत बसलीस. परत खाली आलीच नाहीस. शेवटी सगळं पुसून नवीन लिहायला घेतलंस." मग म्हणाला, "म्हटलं, आपल्याला दोघांना या घरात राहायचंय. ईमेल काय, होतो कसाही."

माझा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. गेल्याच आठवड्यात तपासला. आहे तोच आहे.

मी म्हटलं, मी त्या बाईंना लिहिते, खरं काय ते कळवते. शीतपेट्यांना नाही म्हणू. तो म्हणाला, "काकांनी शब्द टाकलाय, आई. आता माघार घेतली तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि इथे ती मुलगी आलीय ना. तिला उठवायचं का?" मग, अगदी हळू, "तू नको लिहूस आता काही. प्लीज."

गुरुवार, १ मे

तरीही लिहिलं. सकाळी तो बाहेर गेल्यावर बसले. "त्या ईमेलमध्ये माझ्या मुलाने पायाबद्दल लिहिले होते. मी ते काढले. तो लाजाळू नाही. मला ते वाचवले नाही." चार वाक्यं. कुठे 'असून' नाही, 'विनियोग' नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीसाठी लिहिलं. हे पहिलं, ज्याच्याखाली माझं नाव टाकायचं होतं.

पाठवणार होते. मग आठवलं, तो "नको" म्हणाला होता, आणि त्याचं म्हणणं मी आधी एकदा ऐकलेलं नाही. पुसून टाकलं.

चांगलं जमलं होतं.

रविवार, २५ मे

शर्टांना इस्त्री करताना त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की लिही हं त्यांना. मी बघणारसुद्धा नाही. तो म्हणाला, "बघू." पूर्वी कशालाही 'बघू' म्हणाला की मी त्याच्या मागे लागायचे. आज कॉलर सरळ केली आणि दुसरा शर्ट घेतला.

रविवार, १ जून

आज तो गेला.

बसस्टँडवर आम्ही फार लवकर पोचलो. ती माझी सवय. बाकावर बसलो, मध्ये त्याची बॅग. शेवटी मी विचारलं, जे तो पाय घरात होता तेव्हाच मी विचारायला हवं होतं. म्हटलं, "सांग मला त्या पायाचं. तुम्ही दोघं काय करायचात ते."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "सगळं?"

"सगळं."

मग तो सांगत गेला. जखम ओली असायची. पाय काढताना हे तोंडात टॉवेल धरायचे आणि बाथरूमचा नळ मोठा सोडून ठेवायचे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी बाहेरून ओरडायचे, पाणी वाया जातंय. एकदा यानं म्हटलं, आईला सांगू या, दुसरा पाय करून घेऊ. तर म्हणाले, "आई घाबरते रे. तिला किळस नाही येत, भीती वाटते. दोन्हींत फरक असतो. तुला पुढे कळेल." मला वाटत होतं, ह्यांनी जाताना मनात काही वेगळंच नेलं असेल. पण माझी भीती त्यांना ठाऊक होती. ठाऊक असून त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

"वाईट दिवस असला की पाय काढूनच ठेवलेला असायचा," तो म्हणाला. "पण तू ऑफिसातून यायच्या आधी ते घालायला मागायचे. कितीही दुखत असला तरी. मग फाटकापर्यंत जायचे आणि उभे राहायचे. तू कोपऱ्यावरून वळलीस की हातातली काठी मागे माझ्याकडे द्यायचे. म्हणायचे, आईनं मला उभं बघितलं की तिचा दिवस सरळ होतो. मी तो घासायचो ना, आई, तो त्या पाच मिनिटांसाठी घासायचो."

बस आली. त्यानं बॅग उचलली, मला वाकून नमस्कार केला, खिडकीतून हात केला. मी हात करायचा विसरले, गाडी वळल्यावर केला.

ते फाटकाशी उभे असायचे हे मला आठवतं. रोज असायचे. मला वाटायचं, दिवसभर घरात कंटाळतात, म्हणून रस्ता बघत उभे राहतात. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायचे, दमलेली, डोक्यात साहेबांची पत्रं. आणि फाटक ढकलत म्हणायचे, "सरका हो जरा, हात दुखतायत माझे."

ते सरकायचे. त्याच पायावर भार देऊन, एक पाऊल मागे, हसत.